चालीत बसत नाही म्हणजे नक्की काय बसत नाही?

रविवारचा_कवी | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. कविता विभागात मी अधूनमधून काहीबाही टाकत असतो, तिथे ज्यांनी झेललंय त्यांनी इथेही झेला.

झालंय असं की पुढच्या महिन्यात आईची पंच्याहत्तरी आहे. मिरजेला घरीच करायची, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, जेवण, साठ-सत्तर माणसं. साडी-सोनं बहिणी बघतायत, म्हटलं आपण एक गाणं करू. मावसभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवतो, चाली लावायची त्याला हौस आहे. त्याने आधी चालच पाठवली, नुसतं ऊं ऊं करून, मागे कुकरच्या शिट्ट्या. केरवा तालातली साधी चाल आहे पण खरंच गोड, दोन दिवस डोक्यातून जाईना. मी त्यावर शब्द लिहिले:

कृतज्ञतेचे अश्रू झरती
कष्ट तुझे ते स्मरता आई

तर हा पठ्ठ्या म्हणतो "दादा, बसत नाहीये". अरे, मी बोटांवर मोजल्यात, दोन्ही ओळी सोळा सोळा मात्रा. तर म्हणे मात्रा बसतात, गाणं बसत नाही. वर म्हणतो मला नीट सांगता येत नाही पण तोंडात येत नाही.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. आईने दोन महिन्यांत डबे सुरू केले आणि ते बावीस वर्षं चालले. त्यामुळे हे 'बसत नाही' जरा लागलं मला. तर जाणकारांनो, मात्रा बसूनही बसत नाही म्हणजे काय बसत नाही? आणि एकूणातच, एखादं गाणं लोक पन्नास वर्षं गुणगुणतात आणि एखादं मांडव उतरेपर्यंत विसरतात, यात शब्दांचा वाटा किती, चालीचा किती?

टिचकी | शनिवार, रात्री ११.३४

आईंना शुभेच्छा. आता खरं सांग, आयुष्यात आईला कधी 'झरती', 'स्मरता' असलं काही म्हणालायस का? "आई, काल तुझी आमटी स्मरली" असं? ती कपाळाला हात लावून ताप बघेल तुझा.

सांजसमई | शनिवार, रात्री ११.५१

टिचकी, हे मला पटत नाही. गाणं म्हणजे बाजारहाट नाही. रोजच्यापेक्षा जरा उंच भाषा लागतेच, नाहीतर गाण्याची गरजच काय, फोन करून सांगायचं. मला ओळी आवडल्या. कृतज्ञता हा शब्द जड असेल पण भावनाही जडच आहे ना.

पेटीवाला_नाना | रविवार, सकाळी ६.४०

कवीराज, तुमचा भाऊ बरोबर आहे आणि तुम्हीही. मात्रा सोळाच आहेत, मीही मोजल्या. पण केरवा आठ मात्रांचा, म्हणजे तुमच्या एका ओळीत तालाचे दोन फेरे, दोन आवर्तनं झाली आणि सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, तीही दोनदा आली, पहिल्या मात्रेवर आणि नवव्या मात्रेवर. तिथे तबला 'धा' म्हणतो आणि ऐकणाऱ्याची मान हलते. आता तुमच्या पहिल्या 'धा'वर काय आलंय बघा. 'कृ'. एका मात्रेचं अक्षर, त्यातही ऋकारी, तोंड उघडायच्या आधीच मिटतं. साध्या चालीत पहिला सूर जरा धरून ठेवतात, भावाने दोन मात्रा धरला असणार. मग ते होतं क्रूऽऽतज्ञतेचे. गाऊन बघा, मोठ्याने. त्याला तोंडात येत नाही असं वाटलं ते हेच.

दुसरी ओळ त्या मानाने बरी आहे, 'कष्ट'मधला 'क' पुढच्या जोडाक्षरामुळे दोन मात्रांचा होतो म्हणून समेवर उभा तरी राहतो. शिवाय 'आई'वर संपते. शेवटच्या अक्षराचं फार महत्त्व असतं हो. आपण लिहितो 'घर' आणि बोलतो 'घर्', शेवटचा अ आपण गिळतो. आता ओळ 'घर'वर संपली आणि सूर लांबवायचा असला तर ओढायचं काय? 'घरऽऽऽ' केलं की आरती वाटते, नाही ओढलं तर सूर मध्येच तुटतो. म्हणून मुरलेले गीतकार लांब सुराखाली आ, ए, ओ ठेवतात. ई पण चालते, मात्र वरच्या पट्टीत गाणाऱ्याचा गळा आवळते. बाकी त्या ओळीतला 'ते' निव्वळ भरतीचा आहे, दोन मात्रा कमी पडल्या म्हणून बोलावलेला पाहुणा. राग मानू नका.

आणि कविता वाचणाऱ्याला अडलं तर तो मागे जाऊन ओळ परत वाचतो. गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नाही, सूर पुढे निघून गेलेला असतो. 'कृतज्ञतेचे' डोक्यात उलगडेपर्यंत तुमचे अश्रू झरून संपलेले असतात. यशवंत देवांचं 'शब्दप्रधान गायकी' म्हणून पुस्तकच आहे. गाणाऱ्याने शब्दाकडे बघावं हे आता सगळे मान्य करतात. लिहिणाऱ्याने गळ्याकडे बघावं हे मात्र कोणी सांगत नाही.

टिचकी | रविवार, सकाळी ८.०२

क्रूऽऽ क्रूऽऽ. आमच्या गॅलरीत रोज सकाळी ही सम येते. कबुतरं.

रविवारचा_कवी | रविवार, सकाळी ९.१५

नाना, रात्रभर 'त्याला काय कळतंय' म्हणत होतो, सकाळी तुमचा प्रतिसाद वाचून बाथरूममध्ये गाऊन बघितलं. खरंच क्रू होतंय. बायकोने बाहेरून विचारलं बरं आहे ना.

पण मग मला सांगा, चाल आधी आणि शब्द मागून हेच मुळात उलटं नाही का? पूर्वीचे लोक आधी कविता लिहायचे आणि संगीतकार चाल लावायचे, म्हणून तर ती गाणी टिकली. हल्ली मीटर पाठवतात आणि म्हणतात भर यात शब्द.

पेटीवाला_नाना | रविवार, सकाळी १०.३०

हा गैरसमज फार जुना आहे. अहो, आपलं नाट्यसंगीत उभंच राहिलं ते आधीच्या चालींवर. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं, सौभद्र १८८२ चं. त्या काळच्या नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे शब्द दिलेले असतात. म्हणजे लोकांच्या कानात असलेली चाल घ्यायची आणि तीत आपला प्रसंग बसवायचा. मानापमान १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पदं खाडिलकरांची. शंभर वर्षं झाली, लोक अजून गातात, चाल आधी होती की शब्द याची चौकशी कोणी करत नाही.

उलट बाजूला गीतरामायण. ग. दि. माडगूळकर लिहायचे आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, चाली लावायचे, पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. तिथे शब्द आधी. पण माडगूळकरांच्या शब्दात चाल झोपलेली असायची असं आम्ही पेटीवाले म्हणतो, फक्त हलवून उठवायची.

गीतरामायणात आणखी एक बघा. बहुतेक गाणी कोणीतरी कोणालातरी म्हणतंय. कौसल्या, दशरथ, सीता, भरत, प्रत्येकाच्या तोंडी त्याचं गाणं. निवेदन कमी, बोलणं जास्त. तुमच्या ओळीत कोण कोणाशी बोलतंय? 'कृतज्ञतेचे अश्रू झरती' हे आईला सांगताय की पाहुण्यांना?

रविवारचा_कवी | रविवार, सकाळी १०.४४

...पाहुण्यांना. च्यायला.

घड्याळजी | रविवार, सकाळी ११.०५

एवढी चर्चा कशाला, एआयला सांगा आईवर गाणं लिही म्हणून. मी आत्ता टाकून बघितलं. ममता, समता, क्षमता आलं तीन ओळींत. चौथ्या ओळीत सागर.

खापरावरचे_मांडे | रविवार, दुपारी १.२०

आम्ही जळगावकडचे, त्यामुळे मी बहिणाबाईंवर येणार हे उघड आहे, चिडू नका.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर. बोटं मोडून बघा, आठ अक्षरं आणि आठ अक्षरं. पुढच्या ओळीही आठ-आठ. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, १८८० चा जन्म, जात्यावर बसून, शेतात काम करताना म्हणायच्या आणि पोरगा सोपानदेव लिहून घ्यायचा. पुस्तक १९५२ ला आलं, त्या गेल्यानंतर. मोजणी कानात होती, बोटात नव्हती.

पण मला म्हणायचंय ते वेगळंच. त्या गाण्यात संसार हा भला मोठा शब्द पहिल्याच ओळीत येतो आणि लगेच त्याला चुलीवर ठेवलाय. तवा. पुढे चटका आणि भाकर. त्याग नाही, कष्ट नाही, सोशिकता नाही, यातला एकही शब्द नाही आणि तरी बाईचं अख्खं आयुष्य येतं. कवीदादा, तुमच्याकडे तर खराखुरा तवा आहे, बावीस वर्षं तापलेला. आणि तुम्ही अश्रू ढाळताय.

आईचा दिवस कसा सुरू व्हायचा ते आधी इथे गद्यात सांगा पाहू. कविता करू नका. बहिणीला सांगावं तसं सांगा.

सांजसमई | रविवार, दुपारी २.१०

मांडेताई, बहिणाबाईंबद्दल वादच नाही. पण म्हणून साधं तेच मोठं असा नियम करू नका. कवी ग्रेस घ्या. 'भय इथले संपत नाही'. किती जणांना प्रत्येक ओळीचा अर्थ सांगता येईल? मला येत नाही, मी दोन वेळा एम. ए.च्या मुलांना शिकवलंय. आणि तरी दूरदर्शनवर 'महाश्वेता' लागायची तेव्हा शीर्षकगीत सुरू झालं की स्वयंपाकघरातून बायका बाहेर यायच्या. घराघरात गेलं ते गाणं. नानांचा 'एका ऐकण्यात कळलं पाहिजे' हा नियम तिथे कुठे गेला?

पेटीवाला_नाना | रविवार, दुपारी ४.००

बाई, चांगला धरलात. मी कळलं पाहिजे म्हणालो खरा, पण ते अर्धंच झालं.

ग्रेसांचं गाणं गाऊन बघा. जीभ कुठे अडते? कुठेही नाही. आणि पहिली ओळ तर कोणीही बोलेल अशी आहे, भय इथले संपत नाही. कोणी घाबरलेला माणूस असंच म्हणेल. दार उघडं आहे, आत अंधार आहे. माणूस दारातून आत येतो आणि मग त्याला अंधाराची भीती वाटत नाही कारण हात हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने धरलाय. आमच्या कवीराजांनी दारातच कृतज्ञतेचं कपाट आडवं टाकलंय.

सांजसमई | रविवार, दुपारी ४.२५

कपाट हा शब्द अन्याय्य आहे पण मुद्दा घेतला. पहिली ओळ सोपी हवी एवढं मान्य. आतल्या कडव्यांत मात्र मी माझी भाषा सोडणार नाही.

ढोलकी_नि_मी | रविवार, संध्याकाळी ६.३०

आमचा प्रांत वेगळा, आम्ही जत्रा-तमाशावाले, पण दोन पैसे टाकतो. आमच्याकडे झीलकरी असतात. मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि हे मागून उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. आता झील धरता येईल अशी ओळ कोणती? जी पब्लिकला पहिल्या फेरीत कळते, दुसऱ्या फेरीत ओठावर येते आणि तिसऱ्या फेरीला लोक तुमच्या आधी म्हणतात. हल्ली हुकलाईन म्हणतात ती हीच. पोवाड्यातलं जी जी जी बघा, अर्थ शून्य, पण शाहिराला दम खायला जागा मिळते आणि सगळा मांडव सामील होतो.

साठ-सत्तर पाहुणे आहेत ना? त्यांना गाता येईल अशी एक ओळ करा. बाकीची कडवी कशीही चालतील, ती कोणी ऐकत नाही, जेवणाचा वास सुटलेला असतो.

सैराटचं 'याड लागलं' घ्या. ते दोन शब्द आमच्या गावात रोज कोणीतरी कोणालातरी म्हणतंच. अजय-अतुलने शब्दही स्वतःच लिहिलेत, म्हणजे चाल आधी की शब्द आधी हे भांडण घरातल्या घरातच मिटलं.

रविवारचा_कवी | रविवार, रात्री १०.५०

मांडेताई, तुम्ही म्हणालात तसं लिहितोय. गद्य.

आई चारला उठायची. गजर नव्हता, उठायचीच. आम्ही तिघं भावंडं एकाच खोलीत झोपायचो आणि स्वयंपाकघर तीच खोली, मध्ये एक पडदा, जुन्या साडीचा. पडद्यातून बत्तीचा उजेड यायचा. आधी स्टोव्हला पिन करायचा आवाज, मग पंपाचा, मग एकदम भुस्स. मग कणीक. परात एवढी मोठी होती की तिचा एक काठ भिंतीला टेकवून ठेवायला लागायचा, नाहीतर सरकायची. मळताना तिच्या बांगड्या वर कोपरापर्यंत सारलेल्या असायच्या म्हणून आवाज यायचा नाही, आणि त्या बांगड्या परत खाली आल्या की आम्हाला कळायचं कणीक झाली, आता पोळ्या.

डबे साठेक होते. सगळे सारखेच ॲल्युमिनियमचे, म्हणून ताईने झाकणावर नेलपॉलिशने नंबर घातले होते. एकेका नंबरची तऱ्हा ठरलेली. सात नंबरला लसूण चालत नाही, एकोणीस नंबर उपास करतो पण सांगायला विसरतो. मी सायकलवरून पोचवायचो शाळेच्या आधी, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. आई स्वतः सगळ्यात शेवटी जेवायची आणि ती पोळी नेहमी गार असायची. एकदा मी विचारलं होतं, तू कधीच गरम पोळी का खात नाहीस. तर म्हणाली गरम पोळ्यांचे पैसे येतात.

बास. आता पुढे लिहवत नाही.

खापरावरचे_मांडे | रविवार, रात्री ११.०५

या पोस्टमध्ये एकही 'कृतज्ञ' नाही. झोपा आता. उद्या करू.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी ७.३०

वाचून गेलो सकाळी सकाळी. बाप्पा, ते 'गरम पोळ्यांचे पैसे येतात' गाण्यात टाकू नका, सांगून ठेवतो. ते गाण्यात आलं की लोक टाळ्या वाजवतील आणि मजा जाईल. ते तुमच्यापाशीच राहू द्या.

टिचकी | सोमवार, सकाळी ९.४०

ठेचाशी पूर्ण सहमत. माझा एक प्रयत्न, नाना मारू नका:

चार वाजता पेटे बत्ती
साठ डब्यांची पोळी लाटी

पेटीवाला_नाना | सोमवार, सकाळी १०.१५

पहिली ओळ फक्कड. 'चा'वर सम, 'पे'वर सम, दोन्ही दीर्घ. पण 'लाटी' म्हणजे लाटते असं आता कोण बोलतं? आणि लाटी तर कणकेच्या गोळ्यालाही म्हणतात, अर्ध्या बायकांना वाटेल पोळी आणि लाटी, दोन पदार्थ आहेत.

रविवारचा_कवी | सोमवार, दुपारी १२.५०

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बसून केलं. बघा:

चार वाजता जाग घराला
साठ डब्यांचा घोर उशाला

पण दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होतेय. डब्यांचा, 'ड'च्या पुढे जोडाक्षर म्हणून 'ड' दोन मात्रांचा, एकूण सतरा. डबा सोडून दुसरा शब्द सापडत नाहीये आणि डबा सोडायचा पण नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, दुपारी १.३०

थांबा, हा आमच्या गझलवाल्यांचा रोजचा लोच्या आहे. जोडाक्षर आलं की मागचं अक्षर दीर्घ होतं हे खरं, पण फक्त त्यावर आघात येत असला तर. दिव्य म्हणून बघा, 'दि'वर जोर बसतो, द्-इ-व्-व्य. आता दिव्याखाली अंधार म्हणा. 'दि'वर कुठे जोर आहे? नाही. दोन्हीकडे जोडाक्षर 'व्य'च, पण पहिल्या ठिकाणी 'दि' दोन मात्रांचा, दुसऱ्या ठिकाणी एकाच मात्रेचा. तसंच तुझ्या, तसंच डब्या.

आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांचंच घ्या. सुन्या सुन्या मैफलीत माझ्या. लघू गुरू, लघू गुरू असं सुरू होतं. म्हणजे 'सु' लघू धरलाय, पुढे 'न्या' असूनही. चूक नाही ती, तोच मराठीचा उच्चार आहे. लताबाईंनी उंबरठा सिनेमात गायलंय, कान देऊन ऐका, 'सु'वर क्षणभरही थांबत नाहीत त्या. भटांनी तर गझलेची बाराखडी लिहून हे सगळं पोरांना समजावलं, आम्ही तिच्यावरच वाढलो.

तर डब्यांचा पाचच मात्रांचा. साठ डब्यांचा आठ, घोर उशाला आठ. तुमची ओळ बसलेली आहे, तुमचीच मोजणी बसलेली नव्हती.

पेटीवाला_नाना | सोमवार, दुपारी २.१०

वा ठेचा. माझं काम वाचवलंत.

कवीराज, मी आत्ता पेटीवर बसवून बघितलं. चार, जाग, साठ, घोर. चारही समांवर दोन अधिक एक मात्रेचा शब्द, एकाच वजनाचा. हे तुम्ही ठरवून केलंत का आपोआप झालं?

रविवारचा_कवी | सोमवार, दुपारी २.१८

ठरवून कसलं. आत्ता तुम्ही सांगितल्यावर दिसलं.

पेटीवाला_नाना | सोमवार, दुपारी २.२५

मग कोणाला सांगू नका आपोआप झालं म्हणून.

ढोलकी_नि_मी | सोमवार, रात्री ८.००

झकास. आता झीलची ओळ राहिली. आईला थेट विचारा काहीतरी. प्रश्न असला की पब्लिक हमखास उचलतं.

रविवारचा_कवी | सोमवार, रात्री ९.४०

"आई, मोजल्यास का पोळ्या?" कशी वाटते? सोळा मात्रा भरतात.

पेटीवाला_नाना | मंगळवार, सकाळी ६.१५

विचार सुंदर. पण आठ-आठ तोडून बघा. आई मोज, इथे सात झाल्या. 'ल्या' आठव्या मात्रेवर सुरू होतो आणि नवव्यावर संपतो, म्हणजे सम त्याच्या पोटात गेली. तबल्याचा धा पडतो तेव्हा गाणाऱ्याच्या तोंडात अर्धा 'ल्या' असतो. मुरलेला गायक यालाच मजा म्हणून वापरेल, मुद्दाम समेला हुलकावणी देईल. साठ पाहुणे नाही देणार, ते पडतील.

शब्द जरा हलवा. सांग मोजल्या का तू पोळ्या. सांग मोजल्या, आठ. का तू पोळ्या, आठ. 'सां'वर सम आणि 'का'वर सम. प्रश्नार्थक 'का'वरच धा पडतो, बघा किती आयतं आलंय.

सांजसमई | मंगळवार, सकाळी ११.००

मी दोन दिवस गप्प राहून हे बघत होते. माझा विरोध मागे. फक्त एक सांगते, शांताबाई शेळक्यांचं 'तोच चंद्रमा नभात' एका संस्कृत श्लोकावरून आलंय, शीला भट्टारिकेच्या नावावर असलेल्या. मुळात बोलणारी स्त्री आहे, मराठीत पुरुष बोलतो, बाबूजी गातात. रात्र तीच, चंद्र तोच, माणसंही तीच, आणि तरी काहीतरी गेलंय. एवढी एकच गोष्ट आहे अख्ख्या गाण्यात, कडव्याकडव्याला नवीन विषय नाही. तुमचंही तसंच ठेवा. कडव्यात बाबांचं जाणं, शिक्षण, नातवंडं सगळं कोंबू नका. पोळ्या सोडू नका.

आणि पडद्यातून येणारा उजेड घ्याच, ती सुचवणी माझ्याकडून. तिथे जरा उंच भाषा चालेल.

जर्सीतला_जोशी | मंगळवार, रात्री ११.५५

उशिरा आलो. इकडच्या मराठी शाळेत मुलांना गाणी शिकवतो. त्यांना 'स्मरता' सांगायला दहा मिनिटं लागतात, 'सांग मोजल्या का तू पोळ्या' माझ्या मुलीने एकदा वाचून म्हणून दाखवलं. 'पोळ्या'चं 'पोल्या' केलं, पण म्हटलं. झालं की रेकॉर्डिंग टाका इथे.

टिचकी | बुधवार, सकाळी ८.३०

पोल्या चालेल. कृतज्ञ म्हणायला लावलं असतं तर पोरगी इंग्रजी शाळेत परत गेली असती. हलके घ्या.

रविवारचा_कवी | साडेतीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री १०.१०

धागा वर काढतोय. काल झाला कार्यक्रम.

तीन कडवी केली. पडद्याचा उजेड घेतला, सात नंबरचा लसूण घेतला, गरम पोळी नाही घेतली. भाऊ पेटीवर, शेजारचा एक मुलगा तबल्यावर. पहिल्या फेरीला सगळे ऐकत होते, दुसऱ्या फेरीला मामा आणि आत्या, तिसऱ्या फेरीला ढोलकीराव म्हणाले तसंच, अख्खं घर, सांग मोजल्या का तू पोळ्या. ताई रडत होती आणि टाळ्या पण वाजवत होती, ताल चुकवत.

आई गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. मला वाटलं भरून आलंय. गाणं संपलं, सगळे शांत, आणि आई म्हणाली,

"मोजल्या म्हणजे? मोजायच्याच. न मोजता धंदा होतो का? आणि साठ कुठले रे, बेचाळीस होते. डब्याला चार पोळ्या, एकशे अडुसष्ट. साठ साठ काय करतोस सगळ्यांसमोर, लोकांना वाटेल बाई लपवून ठेवत होती."

मग आत जाऊन वही घेऊन आली. खरंच बेचाळीस. पाहुण्यांना वही वाचून दाखवली, कोणाकडे किती बाकी राहिली त्यासकट.

आता तिने सांगितलंय की गाणं इंटरनेटवर टाकायचं असेल तर आकडा बरोबर करून टाक. नाना, ठेचा, बेचाळीस डब्यांचा म्हणजे बारा मात्रा होतात. काय करू?

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०.३१

चाळिस ऱ्हस्व करून बघितलं, चाळिस डब्यांचा, तरी नऊ. एक जास्तच. शिवाय दोन डबे कुठे गेले विचारतील त्या.

पेटीवाला_नाना | मंगळवार, सकाळी ६.०५

पेटी काढलीय. वही जवळ ठेवा, बाकीचे आकडेही तपासून घ्या. सात नंबरला लसूण चालत नव्हता ना नक्की?